मंगळवारच्या सेमिनारातली चुकांची वही

१३ सप्टेंबर १९८३, मंगळवार

दोमला म्हणतात, गणितज्ञाने रोज रात्री निदान एक ओळ तरी लिहावी की आज आपल्याला काय कळलं नाही. दोमला म्हणजे आमचे प्राध्यापक नईम हाशिमोविच. इथे ताश्कंदकडे गुरूला दोमला म्हणतात, आणि आमच्या विभागात नुसतं 'दोमला' म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव डोक्यात येत नाही. मी चौतीस वर्षांची झाले, पीएचडी होऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांचा हा सल्ला आज कुठे अमलात आणतेय.

पण आज न कळलेलं काहीच नाही. आजचा सेमिनार फर्मास झाला. समरकंदच्या बाजूचा शवकत म्हणून एक जण आपला प्रबंध मांडायला आला होता. सूट कडक, घड्याळ परदेशी, आणि प्रबंधाचा पत्ता नाही. पहिल्या पानावर मीच अडवलं. मग लेव किमने. दोन तासांत अकरा भोकं निघाली. दोमलांनी शेवटी शांतपणे सांगितलं, "पुढच्या वर्षी या. यातलं पहिलं प्रकरण तेवढं नव्याने करा, बाकीचं टाका."

शवकतचा चेहरा असा पडला की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच. मग मी चुकांची वही काढली आणि अकराच्या अकरा भोकं सुवाच्य अक्षरात उतरवली.

ही वही दोमलांनी एकोणीस वर्षांपूर्वी सुरू केली. सेमिनारात कुणाच्याही सिद्धतेत चूक सापडली, की ती तारखेसह वहीत जाते आणि ज्याची चूक तो खाली सही करतो. सगळ्यात जास्त सह्या दोमलांच्याच आहेत. चूक पकडणाऱ्याला ते स्वतः उठून चहा ओततात, पियाल्यात जेमतेम दोन घोट. आमच्याकडे पियाला जितका कमी भरला तितका मान मोठा, कारण पुन्हा पुन्हा ओतायला यजमान तयार आहे असा त्याचा अर्थ. आज मला दोन घोटांचे चार पियाले मिळाले. सात वर्षं वही माझ्या ताब्यात आहे आणि याचा मला गर्व आहे. कुणाला दिसत असेल तर दिसू दे.

बाहेर पडताना लेव म्हणाला, "मुहय्यो, तुला ठाऊक आहे का याचा सासरा कोण ते?"

"कोण?"

"त्यांच्या प्रांताचा पक्षसचिव. गाडीच्या आधी गाडीचा धुरळा पोचतो असा माणूस."

"मग सासऱ्याने लिहायचा होता प्रबंध," मी म्हटलं. लेव हसला, पण नेहमीसारखा नाही. त्याचे आईवडील कोरियन, लहानपणी आगगाडीत कोंबून इथे आणून टाकलेले. तेव्हापासून त्या घराला सगळीकडे धुरळाच दिसतो.

१६ सप्टेंबर

संस्थेचे नवे उपसंचालक आले, एर्किन सफारोविच. गोड माणूस. स्वतः आमच्या खोलीत आले, माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "तुम्ही लोक इथे नक्की करता तरी काय? मला पार साध्या शब्दांत सांगा."

इतक्या वर्षांत वरच्या कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की काही गोष्टींत क्रम बदलला की उत्तर बदलतं. आधी मोजे मग बूट, आणि आधी बूट मग मोजे, यात फरक पडतो ना, तसं. अशा गोष्टींना आम्ही ऑपरेटर म्हणतो. त्यांच्या जगात क्षेत्रफळ काढायचं, म्हणजे इंटिग्रेशन करायचं, तर जमिनीसारखी फूटपट्टी लावता येत नाही. मग प्रत्येक ऑपरेटरच्या आत दडलेल्या संख्या, आयगेनमूल्यं, मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत उभ्या करायच्या. पहिल्या हजारांची बेरीज, पहिल्या लाखांची बेरीज, अशी करत जायचं आणि दर वेळी जितक्या संख्या घेतल्या त्या आकड्याच्या लॉगने, म्हणजे लॉगरिदमने, भागायचं. ते उत्तर हळूहळू एका जागी स्थिरावलं, तर ते झालं क्षेत्रफळ.

"आणि नाही स्थिरावलं तर?"

"तर ज्याच्या हाती निवड, तो म्हणेल ते उत्तर."

ते मनापासून हसले. "हे मात्र मला समजलं," म्हणाले.

४ ऑक्टोबर, जिझाखच्या पुढे, कापसाचं शेत

दर वर्षीप्रमाणे अख्खी संस्था कापूस वेचायला. प्राध्यापक असो की टंकलेखिका, कमरेला झोळी बांधायची आणि वाकायचं. आम्ही एका शाळेत राहतो, चौदा बायका एका वर्गात.

या वर्षी मात्र दोमलाही आलेत. त्यांना दर वर्षी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सूट मिळते, हृदयाचं दुखणं आहे, एकसष्ट वय आहे. यंदा चिठ्ठी दिली तर कार्यालयातून सांगितलं की शिक्का जुन्या नमुन्याचा आहे. नवा शिक्का आणेपर्यंत बस निघाली. कारकुनांचा गलथानपणा दुसरं काय. मी एर्किन सफारोविचना कळवायचं म्हणते, त्यांना कळलं तर ते ताबडतोब दुरुस्त करतील.

दोमला दिवसाला बारा किलो वेचतात. ठरलेलं पन्नास आहे. शेतावरचा मुकादम त्यांना म्हणाला, "आजोबा, बोंडाशी बोलत बसता की काय?" दोमला म्हणाले, "तीच तर ऐकून घेतात." आम्ही आळीपाळीने आमच्यातला कापूस त्यांच्या झोळीत टाकतो.

११ ऑक्टोबर, मंगळवार

सेमिनार चुकवायचा नाही. संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर झाला. दोमलांनी त्यांचं एकाहत्तर सालचं प्रमेय नव्या मुलांसाठी पुन्हा मांडलं. याच प्रमेयावर आमचा विभाग उभा आहे, आणि माझा प्रबंधही. ते सांगतं की अमुक जातीच्या ऑपरेटरांचं उत्तर स्थिरावतंच, निवडीचा प्रश्नच येत नाही.

चौथ्या लेम्म्यापाशी, म्हणजे प्रमेयाला टेकू देणाऱ्या चौथ्या छोट्या विधानापाशी, माझं मन अडलं. दोमला म्हणतात, n पर्यंतची सरासरी, म्हणजे तीच लॉगने भागलेली बेरीज, आणि n च्या वर्गापर्यंतची सरासरी यांतला फरक शून्याकडे जातो, म्हणून सरासरी स्थिरावते. हे वाक्य मी शंभरदा वाचलंय. आज पहिल्यांदा वाटलं, का म्हणून? प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा लहान आहे, एवढ्यावरून माणूस कुठेतरी थांबतो असं कसं म्हणता येईल?

थकव्याने डोकं चालत नसेल. झोपते.

१९ ऑक्टोबर

सापडलं! आज दुपारी सरीतच बसले आणि सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलं. लॉगचा लॉग, त्याचा पुन्हा लॉग, आणि त्याची साइन. अशी आयगेनमूल्यं घेतली तर चौथ्या लेम्म्याच्या सगळ्या अटी पूर्ण होतात, आणि तरी सरासरी वर जाते, खाली येते, वर जाते, कधीच थांबत नाही. मशीनवर तक्ते काढून काही उपयोग नाही. दहा लाखांपासून कोटीपर्यंत गेलं तर दुसऱ्या दशांशस्थळी जरासं हलतं, बघणारा म्हणेल थांबलंच. आणि ते चाललेलं असतं.

आधी आनंदाने नाचावंसं वाटलं. मग आठवलं. बारा वर्षं हा लेम्मा उभा आहे.

लेवला दाखवलं. तो बराच वेळ पाकीट उलटसुलट करत राहिला. "बरोबर आहे," म्हणाला. "आता हे पाकीट खाऊन टाक."

"काय?"

"चावून गीळ. यंदा नको, मुहय्यो. पुढच्या वर्षी सापडू दे तुला. वाटलं तर मीही विसरून जातो."

मला त्याचा राग आला. असूया वाटत असणार. त्याने हा लेम्मा माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचला आहे.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. सगळ्यांसमोर, फळ्यावर. खडू दोनदा मोडला.

दोमला पहिल्या बाकावर बसले होते. डोळे मिटून. मी थांबले तरी मिटलेलेच. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मग त्यांनी डोळे उघडले आणि लहान मुलासारखे हसले. "बारा वर्षं!" म्हणाले. "बारा वर्षं मी त्या ओळीवर पाय ठेवून चालतोय, पोरी!" उठले, किटली घेतली, आणि माझ्या पियाल्यात इतका कमी चहा ओतला की तळ दिसत होता. एवढा मान मी त्यांना कुणाला देताना पाहिलेला नाही.

वही मी सोबत आणली होती, ती कुठे सोडून जात नाही. लिहिलं: 'एकाहत्तर सालच्या शोधनिबंधातला लेम्मा ४ खोटा आहे.' दोमलांनी खाली सही केली.

मग म्हणाले, "पाडलंस ते चांगलं केलंस. आता कुठपर्यंत उभं राहतं तेही तूच बघ. आपल्याला ज्या आकारांशी काम आहे, त्यांचे ऑपरेटर इतके नाठाळ नसतात. महिन्याभरात सांग."

लेव चहा न पिता निघून गेला.

१४ नोव्हेंबर

ताश्कंदला परत. हातांना अजून बोंडांचे ओरखडे आहेत, सोबिर म्हणतो एखादं मांजर पाळलंयस का. सोबिर माझा नवरा, मेट्रोच्या बोगद्यांवर इंजिनिअर. त्याला जमिनीखालचं सगळं समजतं, वरचं काही नाही.

आज एर्किन सफारोविचनी बोलावलं. संस्थेला चाळीस वर्षं होतायत, प्रदर्शन भरवायचंय. "कुठल्याही संस्थेत यश मांडतात," ते म्हणाले. "मला आत्मटीका मांडायची आहे. ऐकलंय की तुमच्याकडे अशी काही वही आहे?"

मी तर फुलूनच गेले. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. धावत जाऊन वही आणली. ते पानं उलटत होते आणि मी एकेक किस्सा सांगत होते.

"यातल्या गंभीर कुठल्या?" त्यांनी लाल पेन्सिल पुढे केली. "मी पडलो रसायनशास्त्राचा माणूस. तुम्हीच खुणा करून द्या."

मी तासभर बसून खुणा केल्या. लेम्मा ४ वर दोन रेघा मारल्या, ती चूक मी पकडलेली म्हणून.

त्यांनी मला चहा ओतला, काठोकाठ. आमच्याकडे असा भरलेला पियाला पुढे आला की पाहुण्याने समजावं, प्या आणि निघा. पण ते शिकले मॉस्कोत, त्यांना आपल्या रीती कुठल्या आठवायला. मी हसून प्यायले.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळ्यांना झालंय तरी काय? सेमिनारात मी वही प्रदर्शनाला दिल्याचं सांगितलं, तर सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. लेवचा चेहरा पांढराफटक. "परत कधी देणार?" एवढंच त्याने विचारलं. प्रदर्शन झाल्यावर, मी म्हटलं. दोमला म्हणाले, "दिलीस? बरं." आणि फळ्याकडे वळले. एवढा मोठा मान विभागाला मिळतोय आणि यांना त्याचं काही नाही.

घरी सोबिरशी कडाक्याचं भांडण.

"त्याने तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तू चढलीस!" तो म्हणाला. "आपल्या साइटवर कुणी असं केलं ना, की कुठे कुठे भिंतीला तडे आहेत ते लिहून वरच्याच्या हातात दिलं, तर दुसऱ्या दिवशी..."

"हे बोगदे नाहीयेत. हे गणित आहे. चूक मान्य करणं ही इथे लाज नाही."

"तुमच्यात नाही," तो म्हणाला. "पण ती वही आता तुमच्यात आहे का?"

मी चुलीकडे वळले.  मग शेवया जरा जास्तच खारट झाल्या.

८ डिसेंबर

प्रमेय बचावलं! आयगेनमूल्य गुणिले त्याचा रांगेतला क्रमांक, हा गुणाकार जर एका संख्येकडे जात असेल, तर चौथ्या लेम्म्याची गरजच नाही, सरासरी निमूट त्याच संख्येवर जाऊन बसते. आणि आपल्या आकारांतून येणाऱ्या सगळ्या ऑपरेटरांत तो तसा जातोच. म्हणजे दोमलांचं घर शाबूत आहे, फक्त मधला एक कुजका वासा होता आणि त्यावर कशाचाच भार नव्हता.

धावत त्यांच्या घरी गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, दोनदा. डोळे भरून आले त्यांचे. "एकटीच्या नावाने छाप," म्हणाले.

"दोमला, प्रमेय तुमचं आहे. दोघांच्या नावाने..."

"एकटीच्या. माझे आभारसुद्धा मानू नकोस. लवकर पाठव, याच आठवड्यात."

मला लागलं ते. माझ्याबरोबर नाव यायला त्यांना कमीपणा वाटतो की काय? लेम्म्याचा राग मनात उरला असेल का? माणूस कितीही मोठा असला तरी माणूसच. निघताना त्यांनी मला पुस्तकांचे दोन गठ्ठे दिले, घरात जागा होत नाही म्हणून. लेवलाही दिलेत म्हणे. कपाटं अर्धी रिकामी दिसत होती, तरी जागा होत नाही.

२० डिसेंबर, मंगळवार

सेमिनार झाला नाही. खोलीला कुलूप, रंगकाम आहे म्हणतात. रंगाचा वास काही आला नाही.

२७ तारखेला विद्वत्परिषदेची बैठक आहे. विषय: 'विभागातील संशोधनाच्या दर्जाबाबत'. मला खास बोलावणं. प्रदर्शन अजून लागलेलं नाही. मी आज तळमजल्यावर जाऊन बघितलं, तिथे काचेच्या पेट्यासुद्धा नाहीत.

शेवयांचं भांडण झाल्यापासून पहिल्यांदा मी सोबिरला विचारलं, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "आता वाटून काय उपयोग." मला झोप येत नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार

सगळं आठवेल तसं लिहिते.

लांब टेबल. एर्किन सफारोविचांच्या पुढ्यात वही. एक समिती नेमली होती म्हणे, तिने मोजलं: एकोणीस वर्षांत दोनशे चौदा चुका, त्यातल्या त्रेसष्ट नईम हाशिमोविचांच्या, त्यांच्या स्वतःच्या सहीनिशी. "आणि गंभीर चुकांवर," एर्किन सफारोविच म्हणाले, "विभागातल्याच एका प्रामाणिक सहकाऱ्याने लाल खुणा करून दिल्या आहेत."

पलीकडे भिंतीशी पक्षसचिवाचा जावई शवकत बसला होता, तेच घड्याळ. तो संस्थेत कधी रुजू झाला मला माहीत नाही. त्याला पाहिलं आणि सगळं एकदम उलगडलं, शिक्का, रंगकाम, प्रदर्शन, सगळं. तीन महिने माझ्या डोळ्यांपुढे एकेक पाऊल पडत होतं आणि मी, जिने त्या लेम्म्याला पकडलं, ती म्हणत होते की काहीच हलत नाहीये.

मला उभं केलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"लेम्मा चार खोटा आहे, असं तुम्ही लिहिलंय. आजही तुमचं मत तेच आहे?"

"तो लेम्मा प्रमेयाला लागतच नाही. मी दाखवू शकते, मला फक्त फळा..."

"फळा नको. लेम्मा खरा की खोटा? एका शब्दात."

मी दोमलांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, थोडे पुढे झुकून, सेमिनारात कुणी फळ्यापाशी अडलं की झुकतात तसे.

"खोटा," मी म्हटलं. "पण..."

"आभारी आहोत. बसा."

दोमलांनी मान डोलावली. मान्य असल्यासारखी. नंतर कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. मतं घेतली. लेवने हात वर केला नाही, ना बाजूने ना विरोधात. मला मताचा अधिकार नव्हता.

३ जानेवारी १९८४, मंगळवार

दोमला प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त झाले, असा कागद लागलाय. या वेळी त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा शिक्का चालला.

त्यांच्या घरी गेले. दारातच रडू फुटलं. "दोमला, मी नाही म्हणायला हवं होतं. खरा आहे म्हणायला हवं होतं."

"लेम्मा खोटाच आहे," ते म्हणाले. "तू खरा म्हणाली असतीस तर मी तिथेच उठून तुला दुरुस्त केलं असतं. मग दोघंही गेलो असतो." मग म्हणाले, "वही दिलीस ते मात्र मूर्खपणाचं केलंस."

"तुम्ही मला अडवलं का नाही?"

"दिल्यावर सांगितलंस. आणि देण्याआधी सांगितलं असतंस, तरी काय म्हणणार होतो मी? आपल्या चुका लपव म्हणून? एकोणीस वर्षं उलट शिकवलं तुम्हाला."

त्यांच्या बायकोने आम्हाला चहा दिला. कुणाच्या पियाल्यात किती होता, मी पाहिलं नाही. दोमलांनी हात छातीशी धरला होता आणि मी बोलत असताना दोनदा डोळे मिटले. या वेळी ते विचार करत नव्हते.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

सेमिनार आता मी घेते. एर्किन सफारोविचनीच नेमलं. "तुमच्यासारखा स्पष्ट बोलणारा माणूस हवा," म्हणाले. मी नाही म्हटलं असतं तर शवकतला देणार होते, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. लेव म्हणाला, "घे. निदान खोली उघडी राहील." तेवढंच बोलला. हल्ली तो विनोद करत नाही.

आज गुलचेहरा बोलली, दुसऱ्या वर्षाची संशोधक, दोमलांनी निवडलेली शेवटची. हुशार आहे. तिसऱ्याच ओळीत तिने दोन ऑपरेटरांचा क्रम बदलला. तसा बदलता येत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसावं असं भोक.

ओळ फळ्यावर आली आणि खोलीतल्या नऊ जणांच्या पेन्सिली एकदम थांबल्या. सगळ्यांना दिसलं होतं. लेव खिडकीतून बाहेर बघायला लागला. शवकत मागच्या बाकावर पुढ्यात कोरी वही घेऊन बसला होता. तो हल्ली प्रत्येक मंगळवारी येतो, वेळेवर.

गुलचेहराला थांबलेल्या पेन्सिली जाणवल्या असाव्यात. ती वळली. "आपा, काही चुकलं का?"

मला खरंच वाटलं होतं की मी बोलेन. वाक्य तोंडात तयार होतं. पण शवकतने पेनचं टोपण काढलं, आणि मला त्या कोऱ्या वहीत तिचं नाव, आजची तारीख आणि खाली तिची सही दिसली. मला भीती वाटली. तिच्यासाठी वाटली, असं लिहिणार होते, पण माझ्यासाठीसुद्धा वाटली.

"नाही," मी म्हटलं. "छान चाललंय. पुढे सांग."

ती पुढे सांगत गेली. दीड तास, सगळा फळा भरेपर्यंत. सगळ्यांनी उतरवून घेतलं.